रिकामी झालेली जागा

कुरुद म्हटले की छत्तीसगढातील पुष्कळांना धमतरीकडील कुरुद आठवते. मी ज्या कुरुदविषयी बोलणार आहे ते भिलाई शहरात सामावून गेलेले कुरुद होय. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते भिलाईच्या पोलाद कारखान्यातील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, आणि त्या सुमारास देशाच्या नाना प्रांतांतून माणसे या परिसरात येऊन स्थिरावली. त्यांत मराठी कुटुंबेही होती. म्हणून येथील मैदानावर रविवारी सकाळी क्रिकेट खेळणाऱ्या मुलांची यादी वाचली, तर तीत छत्तीसगढी, मराठी, तेलुगू, बंगाली, पंजाबी अशी सगळी नावे शेजारी शेजारी सापडतात. या मैदानावर माझा उपयोग धावा लिहून घेण्यापुरता आणि अडल्यास पंच म्हणून उभे राहण्यापुरता आहे. तथापि वयाचा मान म्हणून मुले अधूनमधून माझा सल्ला विचारतात. असा एक सल्ला मी दिला आणि तो चुकला. त्या चुकीतूनच आजचा विषय निघाला आहे.

झाले ते असे. संघाच्या नेहमीच्या यष्टिरक्षकाचे बोट दुखावले. बोटाला पट्टी बांधून डॉक्टरांनी त्याला महिनाभर विश्रांती सांगितली. संघात पंधरा वर्षांचा एक मुलगा होता. सरावात तो दर वेळी यष्टींमागे उभा राहण्यास उत्सुक असे, पण सामन्याच्या दिवशी त्याच्या वाट्याला पाण्याच्या बाटल्या येत. त्याला उभे करण्यात आले. पहिल्याच सामन्यात त्याच्या हातून दोन झेल सुटले आणि फलंदाजीत तो तीन धावांवर बाद झाला. पुढील रविवारी काय करावे, असे कप्तानाने मला विचारले. मी म्हणालो, "सामना महत्त्वाचा आहे, एखाद्या अनुभवी मुलाला उभे कर." त्याप्रमाणे एक थोराड गोलंदाज यष्टींमागे उभा राहिला, आणि आम्ही तोही सामना हरलो. तो पंधरा वर्षांचा मुलगा त्यानंतर दोन रविवार बाटल्या घेऊन आला. तिसऱ्या रविवारपासून तो येईनासा झाला.

मोठा खेळाडू जायबंदी झाला म्हणजे त्याची जागा काही दिवस रिकामी होते. ती जागा नव्या, होतकरू खेळाडूला द्यावी हे सर्वांनाच मान्य असते. वाद उत्पन्न होतो तो पुढेच. ती जागा त्याला एका सामन्यापुरती द्यावी, की जायबंदी खेळाडू परत येईपर्यंत सलगपणे द्यावी? पहिल्या प्रकाराला आपण सामान्यतः संधी असे नाव देतो. माझ्या मते ती संधी नसून केवळ वेळ भागविण्याची सोय आहे, आणि या दोहोंतील भेद समजून घेणे हे कप्तानाच्या, शिक्षकाच्या आणि निवड करणाऱ्या प्रत्येकाच्या कामाचे आहे.

हा प्रश्न सर्वांत उघडपणे हाताळला जातो तो अमेरिकेतील बेसबॉलमध्ये. हा खेळ आपल्याकडे फारसा पाहिला जात नाही, म्हणून दोन शब्दांत त्याची रीत सांगतो. तेथील वरिष्ठ संघ एका हंगामात १६२ सामने खेळतो; म्हणजे सुमारे सहा महिने जवळजवळ रोजच सामना. संघात एका वेळी २६ खेळाडू असतात. एखादा जायबंदी झाला की त्याचे नाव जायबंदी खेळाडूंच्या यादीत टाकतात. चेंडू फेकणाऱ्याला, ज्याला तेथे पिचर म्हणतात, किमान १५ दिवस आणि इतरांना किमान १० दिवस त्या यादीत काढावे लागतात. गंभीर दुखापतीसाठी ६० दिवसांची यादी निराळी असते. या नियमाचा एक परिणाम लक्षात घेण्यासारखा आहे. मोठा खेळाडू उद्या परत येईल की परवा, या अनिश्चिततेत संघचालकाला राहता येत नाही. जागा रिकामी झाली म्हणजे ती काही ठरावीक मुदतीसाठी रिकामी होते. मग दुय्यम संघातून एखादा तरुण वर बोलावला जातो. त्याला बाकावर बसवून ठेवायचे असेल तर त्याला बोलावूच नये, तो दुय्यम संघात रोज खेळलेलाच बरा, असे तेथील जाणते लोक मानतात.

याचे कारण खेळाच्या गणितात आहे. बेसबॉलमध्ये दहा वेळा फलंदाजीस आल्यावर तीन वेळा चेंडू यशस्वीपणे टोलविणारा फलंदाज उत्तम समजला जातो आणि दोनच वेळा टोलविणारा दुबळा समजला जातो. एका सामन्यात फलंदाजाची पाळी साधारणतः चार वेळा येते. आता हिशेब करून पाहा. उत्तम फलंदाज एका पाळीत अपयशी ठरण्याचा संभव शंभरांत सत्तर. चारही पाळ्यांत अपयशी ठरण्याचा संभव शंभरांत चोवीस. म्हणजे दर चार सामन्यांमागे जवळजवळ एका सामन्यात या उत्तम फलंदाजाची पाटी कोरी राहणार. उलट दुबळ्या फलंदाजाला चार पाळ्यांत निदान एकदा तरी यश मिळण्याचा संभव शंभरांत एकोणसाठ. तेव्हा एकाच सामन्यावरून निवाडा करणारा मनुष्य पुष्कळदा उत्तमाला घरी पाठवील आणि दुबळ्याला ठेवून घेईल. शंभर पाळ्या मिळाल्या की मात्र एकाच्या नावावर तीस आणि दुसऱ्याच्या नावावर वीस यशे जमा होण्याचा रंग दिसू लागतो, आणि दोघांतील अंतर डोळ्यांना कळते. क्रिकेटमध्ये तर फलंदाजाला एका डावात एकच जीव असतो. तेथे एका डावावरून निवाडा करणे अधिकच अन्यायाचे आहे.

दुसरे कारण खेळाडूच्या शरीराशी आणि मनाशी संबंधित आहे. वेगाने येणाऱ्या चेंडूला किती लवकर हात घालावा, याचा निर्णय क्षणाच्या लहानशा भागात करावा लागतो. हा अंदाज पुस्तकातून मिळत नाही. रोज खेळून तो हातात उतरतो आणि आठवडाभर बाकावर बसले की पुसट होतो. शिवाय प्रतिपक्ष स्वस्थ बसलेला नसतो. नव्या फलंदाजाला पहिल्या काही दिवसांत यश मिळते, कारण त्याचे दोष कोणाला माहीत नसतात. मग त्याचे दोष हेरले जातात आणि नेमके नको तेथे चेंडू येऊ लागतात. या दुसऱ्या टप्प्यात तो अपयशी ठरतो. त्या अपयशातून तो वाट काढतो की नाही, यावरून त्याची खरी पारख होते. एका सामन्यानंतर बाहेर बसविलेल्या मुलाला हा दुसरा टप्पा लाभतच नाही. तो कच्चा होता की पक्का, हे त्याला कळत नाही आणि आपल्यालाही कळत नाही.

बेसबॉलच्या इतिहासात या संदर्भात एक गोष्ट नेहमी सांगतात. न्यूयॉर्क यांकीज या संघात वॉली पिप नावाचा खेळाडू १९१५ पासून पहिल्या बेसवर खेळत होता. १९२५ च्या जून महिन्यात एके दिवशी त्याचे डोके दुखू लागले म्हणून त्याने विश्रांती मागितली; त्याच्या जागी लू गेरिग नावाचा एकवीस वर्षांचा तरुण उभा राहिला, आणि मग चौदा वर्षे ती जागा त्याने सोडलीच नाही. गोष्ट चटकदार आहे. परंतु ती पूर्णपणे खरी नाही. त्या हंगामात संघ सतत हरत होता, पिपचा खेळही उतरला होता, म्हणून संघचालक मिलर हगिन्स यांनी २ जून १९२५ रोजी पिपला बसवून गेरिगला खेळविले. पिपच्या डोक्याला चेंडू लागला तो त्यानंतर महिन्याभराने, जुलैच्या प्रारंभी, सरावाच्या वेळी. तोपर्यंत गेरिग रोज खेळत होता. पिप रुग्णालयात गेला तेव्हा त्याच्या जागी कोण, हा प्रश्नच उरला नव्हता. गेरिग सलग २,१३० सामने खेळला. १९३९ मध्ये आजाराने त्याला थांबविले तेव्हाच ती मालिका तुटली, आणि तो विक्रम १९९५ पर्यंत अबाधित राहिला.

या गोष्टीचा आणखी एक भाग लोक विसरतात. १९२३ आणि १९२४ या दोन हंगामांत गेरिग यांकीजकडून अवघे तेरा आणि दहा सामने खेळला होता. त्या काळात त्याला बाकावर कुजवत न ठेवता हार्टफर्डच्या दुय्यम संघात धाडण्यात आले होते, आणि तेथे तो नियमित खेळत होता. १९२४ मध्ये तेथे त्याने शंभराहून अधिक सामने खेळले. म्हणजे जागा रिकामी झाली त्या दिवशी उभा राहिलेला तरुण अननुभवी नव्हता. त्याचे नाव मात्र अजून मोठे झालेले नव्हते.

आता आपल्या मैदानाकडे येऊ. १९७१ च्या फेब्रुवारीत अजित वाडेकरांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ वेस्ट इंडीजमध्ये होता. मुंबईचा एकवीस वर्षांचा सुनील गावसकर संघात होता, परंतु बोटाच्या विकारामुळे किंग्स्टन येथील पहिल्या कसोटीत त्याला खेळता आले नाही. त्या सामन्यात हैदराबादच्या केनिया जयंतीलाल यांना स्थान मिळाले. भारताला त्या सामन्यात एकच डाव खेळावा लागला. जयंतीलाल पाच धावांवर बाद झाले. पुढच्या कसोटीत, पोर्ट ऑफ स्पेनला, गावसकर बरा होऊन आला. त्याने ६५ आणि नाबाद ६७ धावा केल्या, आणि चार कसोटींत मिळून ७७४ धावांची रास रचली. भारताने ती मालिका जिंकली. जयंतीलाल पुन्हा कधी कसोटी सामना खेळले नाहीत. एक सामना, एक डाव, पाच धावा, एवढाच त्यांचा कसोटीतील लेखा आहे.

गावसकरची निवड चूक होती असे कोण म्हणेल? त्याला खेळविण्यात न्याय होता आणि शहाणपणही होते. मला एवढेच दाखवावयाचे आहे की, जायबंदी खेळाडूच्या जागी एका डावापुरता उभा राहिलेला मनुष्य कोणत्या तराजूत तोलला जातो. पाच धावांवर बाद न झालेला मोठा फलंदाज जगात नाही. त्या मोठ्यांच्या पाच धावा पुढील शतकांखाली झाकल्या जातात. ज्याला पुढचा डावच मिळत नाही, त्याच्या पाच धावा कायमच्या उघड्या राहतात.

याच वाडेकरांच्या देखरेखीखाली तेवीस वर्षांनी दुसरा प्रकार घडला. मार्च १९९४ मध्ये भारतीय संघ न्यूझीलंडच्या दौऱ्यावर होता. वाडेकर संघाचे व्यवस्थापक होते आणि महंमद अझरुद्दीन कप्तान. २७ मार्चला ऑकलंड येथे एकदिवसीय सामना होता आणि त्या सकाळी सलामीचा फलंदाज नवज्योतसिंग सिद्धू याची मान आखडली. वीस वर्षांच्या सचिन तेंडुलकरने सलामीची जागा मागितली. तो काही नवखा नव्हता. कसोटीत त्याने नाव मिळविले होते. परंतु एकदिवसीय सामन्यांत तो मधल्या फळीत खेळे आणि जवळजवळ सत्तर सामन्यांत त्याचे एकही शतक नव्हते. एक वेळ पाठवून पाहा, जमले नाही तर पुन्हा मागणार नाही, अशी त्याने विनवणी केली, हे त्याने पुढे स्वतःच सांगितले आहे. त्याला पाठविण्यात आले आणि ४९ चेंडूंत त्याने ८२ धावा केल्या.

ही गोष्ट सर्वांना पाठ आहे. परंतु तिचे महत्त्व त्या ८२ धावांपेक्षा पुढील निर्णयात आहे. सिद्धूची मान बरी झाली, तो संघात परत आला; पण तेंडुलकरची सलामीची जागा काढून घेण्यात आली नाही. दोघांनाही सामावून घेणारी रचना शोधण्यात आली. त्यानंतर जवळजवळ सहा महिन्यांनी, ९ सप्टेंबर १९९४ रोजी, कोलंबो येथे ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्याचे पहिले एकदिवसीय शतक झाले. त्याच्या ४९ एकदिवसीय शतकांपैकी ४५ सलामीला येऊन झालेली आहेत. ऑकलंडनंतर त्याला पुन्हा चौथ्या-पाचव्या क्रमांकावर धाडले असते, तर ती ८२ धावांची खेळी एक सुंदर आठवण म्हणून राहिली असती, आणि तेवढीच राहिली असती.

तिसरे उदाहरण अधिक अलीकडचे आहे. २०२०च्या डिसेंबरात ॲडलेड येथे भारतीय संघ ३६ धावांत कोसळला. त्याच डावात महंमद शमीच्या हाताला चेंडू लागून हाड मोडले. विराट कोहली घरी परतला आणि नेतृत्व अजिंक्य रहाणेकडे आले. पुढे नागपूरचा उमेश यादव, रवींद्र जडेजा, हनुमा विहारी, अश्विन आणि बुमरा असे एकामागून एक जायबंदी होत गेले. चार सामन्यांच्या त्या मालिकेत भारताला वीस खेळाडू उतरवावे लागले. शमीच्या जागी मेलबर्नला महंमद सिराज हा हैदराबादचा गोलंदाज पहिल्यांदा कसोटी खेळला आणि त्याने पाच बळी मिळविले. सिडनीला मात्र दोन्ही डावांत मिळून त्याला दोनच बळी मिळाले आणि धावा पुष्कळ गेल्या. आमच्या कुरुदच्या मैदानावर माझ्यासारख्या सल्लागाराने येथेच त्याला विश्रांती सुचविली असती! ब्रिस्बेनला तो पुन्हा खेळला, तेथे दुसऱ्या डावात त्याने ७३ धावांत पाच बळी घेतले, आणि मालिकेत भारताकडून सर्वाधिक, म्हणजे तेरा, बळी त्याचेच झाले.

ब्रिस्बेनच्या त्याच सामन्यात पालघरचा शार्दूल ठाकूर खेळला. त्याची पहिली कसोटी ऑक्टोबर २०१८ मध्ये हैदराबादला झाली होती. दहा चेंडू टाकल्यावर तो स्वतःच जायबंदी होऊन बाहेर गेला आणि दुसऱ्या कसोटीसाठी त्याला सव्वादोन वर्षे थांबावे लागले. दहा चेंडूंवरून कोणी त्याचा निवाडा केला असता तर काय झाले असते? ब्रिस्बेनला त्याने सामन्यात सात बळी घेतले आणि पहिल्या डावात ६७ धावा केल्या. त्याच्याबरोबर पहिलीच कसोटी खेळणाऱ्या वॉशिंग्टन सुंदरने ६२ धावा केल्या. दोघांच्या भागीदारीत १२३ धावांची भर पडली. १९ जानेवारी २०२१ रोजी भारताने तो सामना तीन गडी राखून जिंकला. या विजयाला कित्येकांनी चमत्कार म्हटले. परंतु सिराजसारखे हे तरुण त्यापूर्वी भारत 'अ' संघातून परदेशी खेळपट्ट्यांवर खेळून आलेले होते, आणि त्या संघाची जबाबदारी कित्येक वर्षे राहुल द्रविडकडे होती. हार्टफर्डने गेरिगसाठी जे केले, तेच येथे भारत 'अ' संघाने केले. दुखापत होण्यापूर्वीच तयारी झालेली होती.

आणि ज्यांना गेरिगची किंवा तेंडुलकरची नावे दूरची वाटतात, त्यांनी नवी मुंबईचे स्मरण करावे. २०२५ च्या महिला विश्वचषकात प्रतिका रावल ही सलामीची फलंदाज ३०८ धावा करून २६ ऑक्टोबरला क्षेत्ररक्षण करताना जायबंदी झाली. तिच्या जागी एकवीस वर्षांची शफाली वर्मा आली. ती तोवर विश्वचषकाच्या संघातही नव्हती. उपान्त्य सामन्यात ती दहा धावांवर बाद झाली. तीनच दिवसांनी, २ नोव्हेंबरला, अंतिम सामन्यात तिने ७८ चेंडूंत ८७ धावा केल्या, दोन बळीही घेतले आणि सामन्याची मानकरी ठरली. दहा धावा आणि सत्त्याऐंशी धावा यांत तीन दिवसांचे अंतर होते. त्या दहा धावांनंतर तिच्यावरील विश्वास ढळू दिला गेला नाही. विजयोत्सवात प्रतिका चाकांच्या खुर्चीत बसून सामील झाली होती, हे दृश्यही अनेकांनी पाहिले असेल.

त्या खुर्चीमुळे दुसऱ्या बाजूचा विचार करणे भाग पडते. जायबंदी खेळाडूचा काही हक्क आहे की नाही? वर्षानुवर्षे घाम गाळून मिळविलेली जागा बोट मोडले म्हणून का जावी? हा आक्षेप रास्त आहे. माझे उत्तर असे की, मुदत आधीच ठरविल्याने या हक्कालाही संरक्षण मिळते. जागा कधी जाईल याचा भरवसा नसला की जायबंदी मनुष्य दुखणे लपवितो, अर्धवट बरा होऊन घाईने मैदानात उतरतो आणि दुखापत वाढवून घेतो. "तू सहा आठवडे विश्रांती घे, तोवर हा मुलगा खेळेल, सहा आठवड्यांनी दोघांचा विचार होईल," असे दोघांनाही एकाच वेळी सांगितले तर एकाला बरे होण्यास अवकाश मिळतो आणि दुसऱ्याला खेळण्यास. त्यानंतर जो अधिक योग्य असेल तो खेळेल. परंतु तो निवाडा सहा आठवड्यांच्या खेळावरून होईल, एका सकाळवरून होणार नाही.

दुसरा आक्षेप असा की, संघाला आजचा सामना जिंकावयाचा असतो. मुलांना शिकविण्यासाठी सामने हरावे काय? येथे कप्तानाला तारतम्य ठेवावेच लागते. नियमित खेळविणे म्हणजे झेपेल त्याहून अधिक भार टाकणे नव्हे. कोवळ्या गोलंदाजाकडून मोठ्याइतकी षटके टाकून घेतली तर आपण एका जायबंदीचे दोन करू. बेसबॉलमध्ये पिचरने टाकलेला प्रत्येक चेंडू मोजतात आणि शंभराच्या आसपास त्याला सहसा थांबवितात, ते याच भीतीने. भार मोजून द्यावा, परंतु जागा खरी द्यावी. सलामीच्या फलंदाजाच्या बदली आलेल्या मुलाला नवव्या क्रमांकावर धाडले, तर तो खेळला असे कागदावर लिहिता येईल. प्रत्यक्षात तो खेळला नाही.

आमच्या कचेऱ्यांतही हा भेद रोज दिसतो. वरिष्ठ अधिकारी पाच दिवसांच्या रजेवर गेला की खालच्याकडे अतिरिक्त कार्यभार येतो. तो पाच दिवस निकडीच्या कागदांवर सह्या करतो आणि कठीण फायली 'साहेब आल्यावर' म्हणून बाजूस ठेवतो. त्यात त्याचा दोष नाही; पाच दिवसांत चूक केली तर ती सुधारण्यास सहावा दिवस त्याच्याजवळ नसतो. तोच कार्यभार सहा महिन्यांसाठी मिळाला की तो कठीण फाईल उघडतो, निर्णय करतो, एखाद्या वेळी चुकतो आणि ती चूक निस्तरतो. चूक करून ती निस्तरण्याइतका अवधी मिळाल्याखेरीज कोणीही मनुष्य तयार होत नाही.

आमच्यासारख्या ठिकाणी तर या गोष्टीला अधिकच महत्त्व आहे. छत्तीसगढचा संघ रणजी स्पर्धेत स्वतंत्रपणे उतरला तो २०१६-१७ च्या हंगामात. त्यापूर्वी येथील मुलांना मध्य प्रदेशच्या संघात जागा शोधावी लागे किंवा दूरच्या शहराची वाट धरावी लागे. भिलाईत जन्मलेला शशांक सिंह मुंबईकडून खेळला, मग छत्तीसगढच्या संघात आला. २०२४ च्या आयपीएल हंगामात पंजाबच्या संघाने त्याला सर्व चौदा सामन्यांत खेळविले. तेव्हा त्याने ३५४ धावा केल्या आणि त्याचे नाव देशभर झाले. त्या वेळी तो बत्तीस वर्षांचा होता. त्याने धीर सोडला नाही, हे त्याचे मोठेपण. परंतु बत्तिशीपर्यंत धीर धरणारे थोडे असतात, आणि पंधराव्या वर्षी मैदान सोडून जाणाऱ्यांची नोंद कोठेच होत नाही.

मी ज्या मुलाविषयी सांगितले, त्याने मैदान का सोडले हे मी त्याला विचारले नाही; विचारण्याचा मला अधिकारही उरला नव्हता. दोन झेल सुटले हे मी माझ्या हाताने वहीत लिहिले होते. यष्टींमागे पहिल्यांदाच उभ्या राहिलेल्या मुलाकडे एकाच सकाळी किती चेंडू आले आणि त्यांतील किती त्याने अडविले, हे मी लिहिले नव्हते. लिहिण्याची रीत नव्हती. निवाडा मात्र मी त्याच वहीवरून केला.

गेल्या महिन्यात पुन्हा तसाच प्रसंग आला. संघाच्या एका गोलंदाजाचा घोटा मुरगळला. डॉक्टरांनी चार आठवडे सांगितले. कप्तान विचारावयास आला आणि त्याने चौदा वर्षांच्या एका सडपातळ मुलाचे नाव घेतले. "काका, एक मॅच देऊन बघू का?" असे तो म्हणाला. मी त्याला म्हणालो, "एक देऊ नकोस. चारही रविवार त्याचे आहेत, आणि हे त्याला आजच सांग. पहिल्या रविवारी त्याला मार बसला तर दुसऱ्या रविवारी चेंडू त्याच्याच हातात दे. मात्र षटके मोजून दे." मग घोटा मुरगळलेल्या मुलालाही बोलावून त्याच्यासमोर हीच मुदत सांगितली. त्याने क्षणभर विचार केला आणि धाकट्याला चेंडू कसा धरावा हे दाखवू लागला.

पहिला रविवार होऊन गेला आहे. त्या चौदा वर्षांच्या मुलाच्या तीन षटकांत एकतीस धावा निघाल्या आणि बळी एकही मिळाला नाही. वहीत मी ते आकडे लिहिले, आणि त्यांच्या पुढे तीन रविवारांचे रकाने आखून मोकळे ठेवले आहेत.